दिवाळीत कोल्हापूर ते विजयदुर्ग, मालवण, आंबोली सायकलनं. सामान बांधायचं कसं?

रंकाळ्याकाठचा

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवसांचा बेत ठरलाय. गगनबावड्यातनं खाली वैभववाडी (करूळ नाहीतर भुईबावडा, जो घाट चालू असेल तो), मग विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि आंबोली चढून आजऱ्यावरनं परत. सगळं मिळून चारशेच्या वर किमी होतंय. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच. आजवर लांबात लांब म्हणजे नरसोबाच्या वाडीला एका दिवसात जाऊन आलोय आणि पन्हाळा चार-पाचदा झालाय, पण सामान घेऊन एकदाही नाही.

सायकल हायब्रीड, ७०० बाय ३८ चे टायर, केबलवाले डिस्क ब्रेक. कॅरिअरची भोकं आहेत, कॅरिअर नाही. काल रात्री हॉलमध्ये सगळं मांडून बघितलं, तंबू, स्लीपिंग बॅग, छोटा गॅस, दोन जीन्स, चार टीशर्ट, टॉवेल, चपला, कॅमेरा, आणि आई म्हणाली लग्नाला निघालाईस का वारीला. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर घातलं तर १४ किलो भरलं. सॅकमध्ये कोंबून पाठीवर घेतलं आणि रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या तर मान गेली. आता पॅनियर (कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकवायच्या बॅगा) घ्यावेत का त्या लांबड्या सीटखालच्या बॅगा, तंबू न्यावा का नको, आणि दुरुस्तीची हत्यारं कुठली घ्यायची ते सांगा. बजेट बेताचं आहे.

घाटवेडा

भावा, पाठीवर काहीही घ्यायचं नाही, पाण्याची बाटली पण नाही. पाठीवरचं वजन सगळं बुडावर आणि मनगटावर येतं, पहिल्या दिवशी कळत नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसायच्या आधी कळतं.

तंबू घरी ठेव. कोकणात जेवण-राहणं घरगुती मिळतंय, फक्त दिवाळीत मालवण-तारकर्लीला गर्दी असते म्हणून तिथली खोली आधी सांगून ठेव, बाकी गावात विचारत गेलास तरी चालतंय. तंबू गेला की स्लीपिंग बॅग गेली, गॅस पण गेला, म्हणजे चार-पाच किलो तिथंच उतरलं. जीन्स तर काढच, भिजली की दोन दिवस वाळत नाही. एक जोड अंगावर, एक बॅगेत, रात्रीला एक हाफ पँट आणि पातळ फुल बाह्यांचा टीशर्ट. आंबोलीत पहाटे गारवा असतो तेव्हा तोच आतून घाल आणि वरनं रेनकोट, वेगळा स्वेटर लागत नाही.

बॅगांचं म्हणशील तर तुझ्या सायकलला भोकं आहेत तर कॅरिअर आणि साधे पॅनियर घे, स्वस्तात होतंय. सीटखालची लांब बॅग दिसायला भारी, पण ती नीट भरली नाही तर म्हशीच्या शेपटीगत हलत राहते. मी पहिल्यांदा तीच नेलेली आणि तिच्यात जड सामान मागच्या टोकाला भरलेलं. साळवणच्या पुढं चढाला उभं राहून पेडल मारायला लागलो की मी डावीकडं अन् बॅग उजवीकडं. शेवटी असळजला परत येऊन चहाच्या टपरीवर सगळं ओतलं आणि उलटं भरलं, हत्यारं आणि पॉवर बँक फ्रेममधल्या तिकोनी बॅगेत, रेनकोट सीटच्या दांड्याला चिकटून आणि कपडे मागं टोकाला. मग गप बसली. आणि एक, ती बॅग लावली की मागचा लाल दिवा झाकून जातो, हे मला रात्री एका ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या तेव्हा समजलं.

जुना_गडी

पोरांनो, तुमच्या बॅगांची नावं वाचूनच दम लागला. आम्ही १९८६ ला तिघं मित्र राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असं मालवणला गेलेलो, काळ्या सायकली, रॉडचे ब्रेक. वळकटी कॅरिअरवर आणि जुन्या ट्यूबचे पट्टे कापून बांधलेली. तो ट्यूबचा पट्टा आजही घ्या, कुठल्याही पंक्चरवाल्याकडं फुकट मिळतो, हूकवाल्या रबरी दोरीसारखा सुटून चाकात जात नाही.

फोंड्याच्या उतारावर अर्ध्यात ब्रेकच्या रबराचा वास सुटला, थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसला. उरलेला घाट सायकली हातात धरून चालत उतरलो. तुमचे डिस्क ब्रेक आहेत म्हणून हसू नका, सामान लादलेली सायकल उतारावर ऐकत नाही ते तेव्हाही आणि आताही. येताना सायकली एसटीच्या टपावर टाकल्या आणि परतीच्या चढाचा प्रश्नच मिटवला. 😄

दाजीपूरकडनं कधी गेलात तर अंधार पडायच्या आत पार व्हा, १९५८ पासनं गव्यांचं अभयारण्य आहे ते, गवा हॉर्नला भीत नाही तर घंटीला काय भिणार.

पेडलताई

तंबूबद्दल मी घाटवेडाशी सहमत नाही पूर्ण. दोघं असाल तर एक हलकी ताडपत्री तरी असू द्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस संध्याकाळी कधी गाठेल सांगता येत नाही. पण तंबू नको हे खरं.

मी नर्स आहे म्हणून दोन गोष्टी सांगते ज्या पोरं लाजून विचारत नाहीत. पॅडवाली शॉर्ट घालायची तर आत अंडरवेअर घालायची नाही, शिवणीनंच सोलतं. व्हॅसलीन निघायच्या आधी लावायचं, सोलल्यावर नाही. आणि शॉर्ट रोज रात्री धुवायचीच. किनाऱ्यावर हवा दमट, सकाळपर्यंत वाळत नाही, तर धुतलेली शॉर्ट कोरड्या पंच्यात गुंडाळायची, पिळायची आणि त्या गुंडाळीवर उभं राहायचं, निम्मं पाणी पंचा पितो. टॉवेल नेऊच नका, पंचा पटकन वाळतो, गळ्यात घाला, डोक्याला बांधा, भाकरी बांधून घ्या.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतून पिऊ नका, मळमळतं. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रोख पैसे दोन जागी ठेवा, घाटात रेंज नसली की ऑनलाइन पेमेंटचा काही उपयोग नाही.

रंकाळ्याकाठचा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद 🙏 तंबू, गॅस, जीन्स काढली, आईला पंच्याचं सांगितलं तर ती म्हणाली हे मी पहिल्या दिवशीच म्हणत होते. आता फक्त हत्यारांचं सांगा कुणीतरी. पंक्चर काढता येतं मला, घरी दोनदा काढलंय.

पाना_पकड

घरी काढलंस ते ठीक, पण कुठल्या पंपानं? माझ्याकडं एक गिऱ्हाईक आलेलं, नवाकोरा छोटा पंप वर्षभर फ्रेमला लटकवून फिरत होतं, वेंगुर्ल्याच्या अलीकडं पंक्चर झालं तेव्हा पहिल्यांदा काढला तर आतला वॉशर वाळलेला, हवाच धरेना. गाडी ढकलत गावात गेलं, कंप्रेसर होता, पण याचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा, नळी बसेना. कुणाकडंच पितळी टोपी नव्हती. तर आधी तुझा व्हॉल्व्ह बघ. बारीक असेल तर ती टोपी, म्हणजे ॲडॉप्टर, दोन घे, एक व्हॉल्व्हला लावूनच ठेव. जाड मोटारसायकलवाला असेल तर नशीब, रिमचं भोक पण मोठं असतं आणि वेळ आली तर काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब पण घालून घरी येता येतं.

बाकी खेडेगावात काय मिळतंय आणि काय नाही एवढाच हिशोब लाव. नट, वायर, ट्यूबचा पट्टा, वेल्डिंग कुठं पण मिळतंय. तुझ्या मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचं गियर ज्याच्यावर बसतं ती पट्टी, कोल्हापुरातच दुकानात लगेच मिळत नाही, तिकडं कुठला मिळायला, म्हणून तो आत्ताच मागव. चेन जोडायची सुटी कडी (क्विक लिंक) तुझ्या मागच्या गियरच्या संख्येला चालणारी, डिस्कचे ब्रेक पॅड एक जोड, गियरची एक केबल, दोन ट्यूब, पॅच, ॲलन की, चेन तोडायचं हत्यार, दहा केबल टाय, बास. जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेव, टायर चिरला तर आतनं लावायला. आणि चेन जाण्याआधी मापून घे, ताणलेली असेल तर आत्ताच बदल. किनाऱ्यावर खारी हवा आणि तांबडी माती, रोज संध्याकाळी फडक्यानं चेन पुसून थेंब थेंब तेल, डबा ओतायचा नाही, नाहीतर मातीचा चिखल होतोय.

कॅरिअर घेताना डिस्क ब्रेकला चालणारं माग, साधं घेतलंस तर त्याचा पाय ब्रेकच्या चिमट्यावर (कॅलिपरवर) येतो. वजन किती चालतं ते त्याच्यावर लिहिलेलं असतंय, २५ किलोचं पुष्कळ झालं. आणि सगळं बांधून एकदा पन्हाळा करून ये. रिकाम्या सायकलवरचा पन्हाळा मोजायचा नाही.

रंकाळ्याकाठचा

आज सकाळी करून आलो. बॅगा धरून सामान ८ किलो २०० ग्रॅम. पहिल्यांदा फुलेवाडी नाक्याकडं निघालेलो सवयीनं, मग आठवलं पन्हाळा त्या रस्त्याला नाही 🤦 वाघबीळच्या चढापर्यंत झकास, तिथं टाच दर फेरीला पॅनियरला लागायला लागली, थांबून हूक दोन बोटं मागं सरकवले. वर नाक्यावर झुणका-भाकरी खाल्ली. उतरताना ब्रेक किंचाळत होते, आणि खाली आल्यावर बघतो तर कॅरिअरचा डावीकडचा खालचा बोल्ट निम्मा बाहेर आलेला. काल रात्री चांगला आवळलेला मर्दा.

पाना_पकड

ब्रेक नवीन पॅड असतील तर ओरडतात, दहा-वीस वेळा वेगातनं दाबून हळू कर, बसतात. बोल्टला लॉकटाइट (आटे सुटू न देणारा गोंद) लाव, नसेल तर नेलपॉलिश. चार नंबरची ॲलन की बॅगेत वर ठेव, रोज सकाळी चारी बोल्ट हातानं बघायचे.

रंकाळ्याकाठचा

बहिणीचं आणलं, गुलाबी चमकी. मावसभाऊ फोटो काढून सगळीकडं पाठवतोय. पण परत जोतिबाला चढून उतरून आलो, बोल्ट जागचा हललेला नाही, तर आता त्याच्या सायकलला पण लावतोय, त्याला अजून माहीत नाही.