डावखुऱ्या हातासाठी सिकेटर आणि घरातील कात्र्या: पुण्यात कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या घराच्या अंगणातील आणि गच्चीवरील झाडांची सगळी निगा माझी आई राखते. गुलाब, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, सोनचाफा आणि कुंपणावर चढलेली बोगनवेल असा तो पसारा आहे. आई डावखुरी आहे आणि अलीकडे तिच्या डाव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. पाऊस सरला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी येईल. त्याआधी तिच्या हाताला मानवतील अशी अवजारे घ्यावीत असा विचार आहे.

खरी अडचण सिकेटरची, म्हणजे फांद्या छाटण्याच्या छोट्या कात्रीची आहे. एका प्रकारात धारेचे पाते दुसऱ्या बाकदार पात्याला घासून पुढे जाते, त्यामुळे ओली फांदी स्वच्छ कापली जाते. दुसऱ्या प्रकारात पाते सपाट पट्टीवर येऊन टेकते. वाळक्या फांद्यांना ते उत्तम, पण ओल्या फांदीची साल त्या पट्टीवर चेंगरते. गुलाबाचा काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरील अंकुराच्या, पाव इंच वर, तिरका आणि साफ हवा. काठ चेंगरला की फांदी तिथून खाली वाळत जाते, हे आमच्याकडच्या झाडांवर स्पष्ट दिसते. म्हणजे गुलाबासाठी पहिलाच प्रकार योग्य. परंतु तो बहुधा उजव्या हातासाठी घडवलेला असतो, आणि फांदी एका दाबात तोडायची असल्यामुळे अंगठ्यावर ताणही बराच येतो. रॅचेटच्या सिकेटरमध्ये हाच दाब टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो आणि सांध्याला आराम मिळतो. मात्र दुकानांत मला जी रॅचेटची सिकेटर दिसली, ती सगळी सपाट पट्टीचीच होती. आईच्या हाताला जे सोयीचे, तेच गुलाबाला अपायकारक, असा हा पेच आहे.

फेल्को या स्विस कंपनीचे ९ क्रमांकाचे सिकेटर खास डावखुऱ्यांसाठी असते. त्याचे पाते आणि स्प्रिंग सुटे मिळतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण चांगले अवजार एका झिजलेल्या भागापायी टाकून देणे मनाला पटत नाही. येथे कोणी ते वापरत असल्यास, लहान हाताच्या व्यक्तीला त्याची मूठ फार रुंद पडते का, हे कृपया सांगावे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या पुढील फांद्या आम्ही छोट्या करवतीनेच कापतो, त्यामुळे लांब दांड्याच्या कात्रीची तूर्त गरज नाही.

दुसरा प्रश्न कापडाच्या कात्रीचा आहे. साधी कात्री उजव्या हाताने चालवली की अंगठ्याच्या दाबाने तिची पाती आपोआप एकमेकांना भिडतात. तीच डाव्या हातात धरली तर पाती फाकतात, कापड मध्ये दुमडून अडकते आणि खडूची रेघही वरच्या पात्याआड जाते. कात्री उलटी धरून उपयोग होत नाही. पात्यांची मांडणीच उलट असावी लागते. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, त्या पुन्हा पुन्हा धार लावून दीर्घकाळ वापरता येतात. तशी डावखुरी कात्री रविवार पेठेत किंवा बोहरी आळीत कोणाला मिळाली आहे का? स्वयंपाकघरासाठी मात्र दोन्ही पाती सुटी करून धुता येतील अशी स्टेनलेस स्टीलची साधी कात्री पुरेल.

शेवटचा मुद्दा धारेचा. कार्बन स्टीलला धार चांगली चढते, पण पावसाळ्यात गंज लवकर धरतो. सध्या आई काम झाल्यावर पाती स्पिरिटने पुसून त्यांना शिवणयंत्राचे तेल लावते. दारावर येणारे धारवाले पहिल्या प्रकारच्या सिकेटरच्या पात्यालाही दोन्ही बाजूंनी घासतात, वास्तविक त्याला एकाच बाजूने उतार द्यावा लागतो. पुण्यात हे काम नीट करून देणारे कोणी आहे का, की बारीक दगडावर ते घरीच शिकून घ्यावे?