ग्रॅनीचे चौकोन "कसे" जोडायचे? व्हिपस्टिचला शब्द हवा

सुईदोरा (नागपूर): आमच्या क्रोशाच्या वर्गासाठी एक इंग्रजी पत्रक मराठीत करतेय. साखळी, मुका खांब, खांब सगळं जमलं. अडलं ते पांघरुणासाठी विणलेले ग्रॅनी चौकोन जोडण्यापाशी, म्हणजे इंग्रजीतल्या "व्हिपस्टिच"पाशी. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक धरायचे, बोथट सुई दर वेळी एकाच बाजूने घालायची आणि दोरा कडेवरून परत आणायचा. मी "तुरपाई" लिहिलं. पुण्याच्या मैत्रिणीने खोडून "हेम" केलं, वर "तुरपाई हिंदी आहे" असा शेरा. कोशात व्हिप म्हणजे चाबूक. आता "चाबूक टाका" लिहू?

काटेकोर: हेम तरी कुठे मराठी? "वेढटाका" म्हणा. अर्थ आपोआप कळतो.

इतवारीची माई: आपोआप कोणाले कळते बाप्पा? माह्या सासूले म्हटलं, तर ते म्हणे कोणत्या किल्ल्याले वेढा देऊन राह्यली? इथं शिंप्याजवळ फॉल, पिको, इंटरलॉक न् तुरपाई हेच शब्द चालते. तुरपाई मराठी नाही, तर आम्ही इतके वर्ष काय हिंदीत परकर शिवले?

तिरपी शिवण: शब्द कोणाचा ते सोडा, क्रियाच वेगळी आहे. तुरपाईत कापड दुमडलेलं असतं. दर्शनी बाजूचा जेमतेम एक धागा उचलायचा, टाका बाहेर दिसता कामा नये. चौकोनाला दुमड कुठली? तिथे दोन्ही कडांना जी साखळी दिसते, तिचा बाहेरचा दोरा अख्खा उचलायचा. आतले दोरे मोकळे राहतात आणि सुलट बाजूला जोडाशी छान रेघ उमटते. कोणी तुरपाई वाचून धागाधागा उचलत बसली, तर पांघरूण ओढलं की फटी.

धंतोलीकर: काटेकोर, डॉ. रघुवीर नागपुरातच राहून संस्कृत धातूंवरून पारिभाषिक शब्द घडवत होते. त्यातले शिंप्याच्या मशीनपर्यंत किती पोचले? शिवाय १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी दुभाषी प्रांताची राजधानी. इथे तुरपाईला परकी कोण ठरवणार?

काटेकोर: मग क्रोशा तरी का ठेवता? फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. सरळ "आकडीकाम" म्हणा.

तिरपी शिवण: "आकडीच्या वर्गाला जाते" म्हटलं तर घरचे कांदा हुंगायला देतील.

पंक्ती: मला वाटतं "टाका" हा टाकण्यावरूनच आला. सुई पुढे टाकत जायची, म्हणून टाका.

धंतोलीकर: मग हिंदीत टाँका कसा? आपल्याकडेही जुन्या वळणाने "टांका" लिहायचे. टाकण्यात अनुस्वार नाही. आणि टाके घालतात, टाकत नाहीत.

पंक्ती: काका, आमच्याकडे आई "दोन टाके टाकून दे" असंच म्हणायची.

धंतोलीकर: तुमच्याकडे म्हणजे कुठे?

सुईदोरा: अहो, पत्रक छापायला द्यायचंय! "कडेवरून टाके घालून जोडा" एवढंच लिहू?

इतवारीची माई: लिही. पुढं कंसात तुरपाई टाक, म्हणजे समजते.

तिरपी शिवण: कंसात तुरपाई नको म्हणून तर एवढं लिहिलं!

काटेकोर: "कडेवरून टाके घालून जोडा" हा शब्द नाही, वाक्य आहे. परिभाषेला एक शब्द लागतो.

इतवारीची माई: तुम्ही कधी चौकोन जोडले का, दादा?

काटेकोर: प्रश्न भाषेचा आहे.

पंक्ती: मला दुसरीच काळजी. अमेरिकेच्या पत्रकातला डबल क्रोशा तो ब्रिटनचा ट्रेबल. ताई, तुम्ही खांब कशाला म्हटलंय?

इतवारीची माई: खांब म्हणजे खांब! सुईवर एकदा दोरा घ्या, घरातून काढा, मंग दोन-दोन करत सोडा.

पंक्ती: ते आपल्याला माहीत. पत्रक लिहिणारी कुठली, हा मुद्दा आहे. ब्रिटनच्या पत्रकात सिंगल क्रोशा, म्हणजे आपला मुका खांब, हा शब्द नसतो, त्यालाच ते डबल म्हणतात. त्या डबलचा खांब केलात तर चौकोन दुप्पट उंच होतील. ताई, त्यात कुठे "सिंगल" लिहिलंय का, तेवढं बघून सांगा.