वेफर्सचं पाकीट भंगारवाला का घेत नाही

काही जण म्हणतात की लोकांनी कचरा वेगळा केला की सगळं प्लास्टिक रिसायकल होतं. अहो, वेगळं करून देतो की आम्ही, पण पुढे ते घेणारं कोण आहे? पाण्याच्या बाटल्या (पेट नावाच्या प्लास्टिकच्या) लगेच उचलल्या जातात कारण त्यांना भंगारात भाव आहे, दुधाच्या पिशव्याही धुवून वाळवून दिल्या तर जातात. वेफर्स, बिस्किटं, गुटखा, शाम्पूची पुडी यांचं काय? त्यात पॉलिथिन, पॉलिएस्टर अशी वेगवेगळी प्लास्टिकं आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असं सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं, ते सुटं करायचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून कचरावेचक बायका ते तसंच सोडून देतात आणि त्यांचं काही चुकतही नाही. मग ते जातं सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून नाहीतर नाल्यात.

2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे डिपॉझिटची घोषणा झाली होती, आमच्या डेअरीवाल्याला विचारलं तर तो नुसता हसला. तसलं डिपॉझिट खरं तर पुड्यांवर लावा, कंपन्या आपोआप एकाच थराचं पाकीट शोधतील. आणि हो, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो बारका तुकडा कुणीच वेचत नाही.