ओडनर गणकयंत्राचं हँडल अडकलंय, जोर लावू का?

नौपाड्याची_लेक
नमस्कार. नौपाड्यातली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय, घर रिकामं करताना माळ्यावर बाबांचं हाताने फिरवायचं गणकयंत्र सापडलं. काळं, चांगलंच जड, त्यावर ‘ओरिजिनल ओडनर’ आणि ‘गोटेबोर्ग’ लिहिलंय. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करायचे. 1978 च्या सुमारास ऑफिसात इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले आणि त्याच दिवसांत हे यंत्र काम चालू असतानाच अडकलं. दुरुस्तीचं कोणी मनावर घेतलं नाही. भंगारात जायच्या आत बाबांनी ते घरी आणलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती.

हँडल जागेवरून दोन बोटं पुढे येऊन थांबलंय. पुढेही जात नाही, मागेही नाही. खालचा सरकता भागही हलत नाही. भाऊ म्हणतो, पान्याने जोर लाव. मला धीर होत नाही. विकायचं नाहीये, चालू करायचंय.

जुना_कारागीर
पान्याला हात लावू नका, ताई. मी एकतीस वर्षं टाइपरायटर आणि हीच मशीनं दुरुस्त केली. तुमचं मोडलेलं वाटत नाही. सुरू केलेला फेरा पुरा होईपर्यंत कॅरेज, म्हणजे तो खालचा सरकता भाग, सरकू नये म्हणून आतच अटकाव असतो, नाहीतर अर्धी बेरीज एका घरात आणि अर्धी दुसऱ्यात पडेल. यंत्र हिशोब राखून बसलंय.

आतल्या चाकांना आत-बाहेर होणारे दात असतात. आकडा लावायचा खटका 7 वर नेला की सात दात बाहेर येतात. हँडलच्या एका फेऱ्यात समोरचं आकड्याचं चाक सात घरं फिरतं. हातचा पुढे नेणाऱ्या खिट्या वेगळ्या, फार नाजूक. जुनं तेल गोंदासारखं होऊन बहुधा तिथेच धरलं असेल. जोर लावलात तर त्याच वाकतील आणि आता त्या मिळणार नाहीत.

वरच्या पत्र्याचे स्क्रू काढा. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन बारीक ब्रशने धातूच्या सांध्यांत सोडा. आकड्यांवर जाऊ देऊ नका, रंग निघाला की आकडा गेला. खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब बसा. रात्रभर ठेवून पुन्हा करा. मग बोटांच्या जोराने, सुरू झालेल्या दिशेनेच बघा. सुटलं की शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, जास्त नाही.

आणि आधी खिडक्यांतले आकडे लिहून ठेवा.

वाशीचे_सर
गोटेबोर्ग हे स्वीडनमधलं शहर; ते लिहिलंय म्हणजे 1918 नंतरचं. विलगॉट ओडनर हा स्वीडिश माणूस, पण हे यंत्र त्याने रशियात, सेंट पीटर्सबर्गला 1874 च्या सुमारास घडवलं. क्रांतीनंतर त्याच्या घरच्यांनी स्वीडनमध्ये पुन्हा कारखाना उभा केला. जर्मनीतलं ब्रुन्सविगा आणि सोव्हिएत फेलिक्स ही त्याच्याच घराण्यातली. वर्गात हे यंत्र असतं तर गुणाकार म्हणजे पुन्हापुन्हा बेरीज, हे मला फळ्यावर घोकवावं लागलं नसतं.

नौपाड्याची_लेक
आकडे लिहिले. खटक्यांवर 1175. डाव्या खिडकीत 16. उजवीकडे 18800. कॅरेज एक घर उजवीकडे सरकलेलं आहे.

जुना_कारागीर
ताई, 1175 गुणिले 16 म्हणजे 18800. डावी खिडकी फेरे मोजते. एककाच्या घरात सहा फेरे, कॅरेज एक घर सरकवून दशकाचा एक फेरा, आणि तुमचं हँडल दुसऱ्यात अडकलंय. तो पुरा झाला की 26 होतील. पगारपत्रकात 26 म्हणजे महिन्याचे भरलेले दिवस. रोज 11 रुपये 75 पैसे असणार.

सुटलं की एक गंमत करून बघा. 98 ने गुणायला सतरा फेरे लागत नाहीत: शतकाच्या घरात एक सुलटा, एककाच्या घरात दोन उलटे, म्हणजे 100 वजा 2. तीन फेऱ्यांत काम. पगारपत्रकं करणाऱ्यांच्या हातात हे बसलेलं असायचं, बघायला फार छान वाटायचं.

नौपाड्याची_लेक
तिसऱ्या रात्रीनंतर सुटलं. सांगितलं तसं बोटांनीच, अगदी हळू. आधी काही नाही, मग करकर, मग हँडल फिरून आपल्या जागी येऊन बसलं. डावीकडे 26, उजवीकडे 30550.

म्हणजे 305 रुपये 50 पैसे. कोणाचा पगार होता ते कळायला मार्ग नाही, पण त्याचा हिशोब बाबांच्या यंत्रावर अपुरा होता, तो पुरा झाला. मला रडू आलं. शून्यावर आणायची चावी अजून फिरवलेली नाही. रविवारी भाऊ येतोय, त्याला आकडा दाखवते, मग दोघं मिळून 98 करून बघतो.