प्रत्येक मंडळाची वेगळी ब्रँच काढून बसलोय, आता निस्तरू कसं?

परळचा_चाळकरी:
नमस्कार मंडळी. चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळासाठी वर्गणीच्या पावत्यांचं छोटं ॲप लिहिलं. पावतीपुस्तकं हरवायची आणि विसर्जनानंतर हिशेबाला बसलं की सगळे खजिनदाराकडे बघायचे, म्हणून. कोड ओपन सोर्स ठेवला. मग गिरगावच्या एका मंडळाला ते हवं झालं, पण पावतीवर खोली क्रमांक पाहिजे म्हणाले. दिली ब्रँच काढून, म्हणजे गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) कोडची वेगळी शाखा. विलेपार्ल्याला मराठी-इंग्रजी दोन्ही हवं. काढली आणखी एक. आज मेन (मूळ शाखा) सोडून ११ ब्रँच आहेत. त्यातल्या ७ मंडळांच्या, बाकी 'टेस्ट', 'टेस्ट२', 'फायनल', 'फायनल_खरंच' ही माझी पापं.

गेल्या वर्षी १००१ रुपयांच्या पावतीवर अक्षरी 'एक हजार शून्यशे एक' छापून येत होतं. मेनवर दुरुस्त केलं, ६ ब्रँचवर चेरी-पिक केलं (तेवढाच बदल उचलून नेला), सातवी विसरलो. त्यांच्या अध्यक्षांनी पावतीचा फोटो थेट ग्रुपवर टाकला. रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून बसलो. मदतीला येणारी दोन कॉलेजची पोरं आपला बदल घ्यायची विनंती पाठवताना विचारतात, "दादा, पुल रिक्वेस्ट कुठल्या ब्रँचवर टाकू?" मला सांगता येत नाही. गिट-फ्लो (ब्रँच कशा काढायच्या आणि जोडायच्या याची ठरलेली पद्धत) लावू का?

वडाळा_रोड:
नको. ते मॉडेल मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रीसननेच २०१० च्या आपल्या लेखावर २०२० मध्ये टीप जोडली, की सतत बदल जाणाऱ्या वेब ॲपला याहून साधं काहीतरी वापरा. डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स एवढ्या ब्रँचचा संसार तिघांना कशाला?

तुझं दुखणं वेगळं आहे. जी ब्रँच मेनमध्ये कधी मर्ज (परत एकत्र) होणारच नाही, ते दुसरं ॲपच झालं. तू ८ ॲप सांभाळतोयस. खोली क्रमांक, भाषा, लोगो हे सगळं सेटिंगच्या फाइलमध्ये टाक, मंडळागणिक एक फाइल. आधी प्रत्येक ब्रँचचा मेनशी डिफ (फरक) काढून बघ.

परळचा_चाळकरी:
काढला. गिरगावच्या ३८ ओळी, त्यात २० नुसत्या रंगांच्या! पण मंडळं याच ब्रँचवर चालू आहेत. उडवल्या आणि काही राहिलं तर?

दादर_पश्चिम:
उडवण्याआधी प्रत्येकीच्या टोकाला टॅग (नावाची खूण) लाव. गिटमध्ये ब्रँच म्हणजे एका कमिटकडे (नोंदवलेल्या बदलाकडे) दाखवलेलं बोट. टॅग आहे तोवर कमिट कुठे जात नाही. 'टेस्ट२' ला टॅगही नको, आजच पुसून टाक :)

पुढचं. गणपतीच्या महिनाभर आधी मेनवरून एक रिलीज ब्रँच काढ, सगळी मंडळं तिच्यावर. तिच्यात फक्त दुरुस्त्या. नवीन काही असेल तर ते मेनवर, पोरांच्या पुल रिक्वेस्टही तिथेच. दुरुस्ती मात्र रिलीज ब्रँचवर करायची आणि ती ब्रँच मेनमध्ये मर्ज करायची. गिटचा स्वतःचा प्रकल्प असाच चालतो: दुरुस्ती लागेल त्यातल्या सर्वांत जुन्या ब्रँचवर करायची, मग वर मर्ज. चेरी-पिकची यादी डोक्यात ठेवावी लागत नाही.

वडाळा_रोड:
इथे माझं जमत नाही ताई. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) उलटं आहे. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत, मगच स्टेबलमध्ये, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या आवृत्त्यांच्या शाखांत. नवख्या पोरांना 'सगळं मेनवर' एवढंच सांगणं सोपं.

दादर_पश्चिम:
कर्नलला कित्येक जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या असतात आणि त्यासाठी वेगळी माणसं आहेत. याची रिलीज ब्रँच एकच. आणि हा चेरी-पिक विसरतो, हे त्यानेच वर लिहिलंय.

परळचा_चाळकरी:
ताईंचा मुद्दा लागला, पण खरा आहे. रिलीज ब्रँचवरून वर मर्ज, ठरलं. शनिवार-रविवारात ६ मंडळं सेटिंगच्या फाइलवर आणली, टॅग लावून ब्रँच पुसल्या. पोरांसाठी रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) दोन ओळी लिहिल्या. पार्ले तेवढं राहिलंय. त्यांची अक्षरी रक्कम इंग्रजीतही छापते. तिथे १००१ ला काय येतं, ते आज रात्री बघतो.