प्रतिसाद: 'हाउंड डॉग' मुळात कुणासाठी लिहिलं गेलं

'हाउंड डॉग' हे गाणं अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्लीचंच, असं वर कुणीतरी म्हटलंय, म्हणून थोडी भर घालते. एल्व्हिसचं रेकॉर्डिंग १९५६ चं. गाणं लिहिलं जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांनी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसला. दोघंही तेव्हा अवघे १९ वर्षांचे! वाद्यवृंदप्रमुख जॉनी ओटिसने त्यांना ब्लूज गायिका बिग मामा थॉर्नटनचं गाणं ऐकायला बोलावलं. तिचा आवाज आणि दरारा पाहून दोघं इतके भारावले की तिच्यासाठी काही मिनिटांत गाणं तयार झालं.

आणि 'हाउंड डॉग' म्हणजे शिकारी कुत्रा असला, तरी गाणं कुत्र्याबद्दल नाहीच. आयतं खाणाऱ्या पुरुषाला एक बाई घराबाहेर काढते आहे. एल्व्हिसने उचललं ते गायक फ्रेडी बेलच्या लास व्हेगासमधल्या कार्यक्रमातलं बदललेलं रूप. त्यात कुत्र्याने ससा न पकडल्याची ओळ आली आणि बाईचा संताप गेला. लीबरला हे शब्द कधीच पटले नाहीत, मलाही पटत नाहीत.

थॉर्नटनची तबकडी १९५३ मध्ये आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज संगीताच्या) लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिली होती. तरी तिच्या सांगण्यानुसार तिला मिळाले जेमतेम ५०० डॉलर. हे वाचून फार वाईट वाटतं. तिचं गाणं जरूर ऐका, तेही एल्व्हिसच्या आधी.