वाइनला गुण देण्याची पद्धत सुचवा, शनिवारच्या आत मदत हवी आहे

कोथरूडकर
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आम्ही काही मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा जमून वाइन चाखतो आणि प्रत्येक बाटलीला १०० पैकी गुण देतो. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून वर नुसते आकडे घालतो, म्हणजे लेबल कोणालाच दिसत नाही. निव्वळ हौस आहे, यातलं शिक्षण कोणीच घेतलेलं नाही.

अडचण अशी की मागच्या महिन्यात नाशिकची एक शिराझ (रेड वाइन) सगळ्यांच्या यादीत वर होती, सरासरी ८९. या महिन्यात तीच गुपचूप पुन्हा ठेवली तर थेट ७४, शेवटून दुसरी! माणसं तीच, घर तेच. आता सगळे म्हणतायत की आपल्या गुणांना काही अर्थ नाही, नुसतं पिऊया आणि गप्पा मारूया. मला ते नकोय. नोंदींनी वही भरत आलीय आणि मला खरंच शिकायचंय.

शनिवारी पुन्हा बसतोय. चांगली गुणपद्धत सुचवा, तयार तक्ता असेल तर उत्तमच. 'आवडेल ती प्या' हा सल्ला कृपया नको, तो भरपूर ऐकून झालाय.

जुना मुंबईकर
१०० चा नाद आधी सोडा. ती पद्धत अमेरिकन वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्करने गाजवली, आणि तिच्यात १०० गुण नसतातच. ५० प्रत्येक बाटलीला आपोआप मिळतात. उरलेल्यांत रंगरूपाला ५, वासाला १५, चव आणि ती मागे किती रेंगाळते याला २०, एकूण दर्जाला १०. म्हणजे तुमचे ८९ म्हणजे ५० पैकी ३९. तुम्ही त्या हिशेबाने देता का? नसाल देत, तर तो आकडा कशाचा?

२० गुणांची पद्धत घ्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात मेनार्ड ॲमेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात बसवलेली. स्वच्छपणाला २, रंगाला २, वासाला ४, व्हिनेगरसारखा वास नसेल तर २, असं करत बेरीज. मी वर्षानुवर्षं हीच वापरतोय. इंग्लंडच्या वाइन-समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सनसुद्धा २० पैकीच गुण देतात.

ॲडलेडवासी
कोथरूडकर, तक्त्याचं नंतर बघू. आधी हे सांगा: वाइन किती थंड होती? पेले कसे? एका पेल्यात किती ओतता? कोणत्या क्रमाने? सोबत खायला काय होतं? दोन्ही वेळच्या बाटल्या एकाच सालाच्या होत्या का? आणि चाखून थुंकता की पिता?

कोथरूडकर
अहो ताई, मी पद्धत विचारली होती :) बरं, सांगतो. रेड आहे म्हणून बाहेरच ठेवतो, रूम टेंपरेचरला. पेले काचेचे, घरात जे असतील ते. ओततो अंदाजाने. क्रम असा काही नाही. खायला भाजणीची चकली, शेव, चीजचे तुकडे, एकीने मागच्या वेळी मिरची भजी आणली होती. थुंकायचं कशाला, चांगली वाइन आहे. साल तेच.

कायद्याचं बोला
तुमच्या सगळ्यांकडे परवाना आहे ना? १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजूनही लागू आहे. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. आजीवन, वार्षिक, एक दिवसाचा, असे तिन्ही मिळतात. लोक या गोष्टीकडे अजिबात लक्ष देत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय.

ॲडलेडवासी
पुण्यात आत्ता एप्रिल आहे! 'रूम टेंपरेचर' हा शब्द युरोपातल्या दगडी घरांमधून आलाय, तिथे खोली १६-१८ अंशांची असायची. तुमची बैठकीची खोली संध्याकाळी ३२-३३ ला असणार. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात भसकन शिरतं, फळाचा वास दबतो आणि वाइन जिभेला बेंगरूळ लागते. रेड तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. व्हाइट तीन-चार तास आधी ठेवा आणि ओतायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असली तर वासच येत नाही.

भजी आणि शेव पूर्ण बंद. तिखटावर तुरट रेड घेतली की जळजळ वाढते आणि तो दोष वाइनच्या माथी मारला जातो. चीज त्याच्या उलट. त्याचं स्निग्ध आणि खारट आवरण जिभेवर बसलं की तुरटपणा कमी वाटतो आणि साधी वाइनही गुळगुळीत लागते. म्हणजे एकाने भजी खाऊन चाखली, दुसऱ्याने चीज खाऊन, तर दोघे दोन वेगळ्या वाइन चाखतायत. साधा पाव आणि पाणी, बाकी जेवण सगळं झाल्यावर.

आणि थुंका. पाचवी-सहावी बाटली येईपर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही सैल झालेलं असतं. गुणांची सगळी वही तिथेच बिघडते.

दिंडोरीचा बागाईतदार
वाचतोय. आमची शिराझ आणि चेनिन ब्लां (व्हाइट वाइनचं द्राक्ष) यांची बाग आहे, माल वाइनरीला जातो. सध्या खरड छाटणी चालू आहे म्हणून थोडक्यात.

तुम्ही लोक पेल्यापासून सुरू करता, पण चव वेलीवर ठरते. आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, नुसती काडी तयार करायला, आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. तोडणी जानेवारी ते मार्च, युरोपातल्यासारखी सप्टेंबरात नाही. शिराझचा मणी लहान, साल जाड, आत बिया. खायच्या थॉमसन द्राक्षासारखा नाही. सालीतून रंग येतो आणि तुरटपणा साल-बियांतून. साल पिकायच्या आत साखर भरली नि तोडणी झाली, की वाइनचा जिभेला तोठरा बसतो. तेव्हा वहीत तोडणीचं वर्ष लिहाच, आणि कळलं तर बाग कुठली तेही लिहा. गंगापूर धरणाची बाजू आणि दिंडोरीची बाजू यांतसुद्धा फरक पडतो. 'नाशिक व्हॅली वाइन' ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही.

आकडेमोड
तापमान, भजी, तोडणीचं वर्ष, सगळं मान्य. पण हे सगळं सुधारलं तरी गुण हलणारच, हे आधी समजून घ्या म्हणजे मंडळी निराश होणार नाहीत.

कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांचीच परीक्षा घेतली. एकाच बाटलीतली वाइन साधारण तीस पेल्यांच्या रांगेत तीन वेगवेगळ्या जागी ठेवली. परीक्षक व्यावसायिक, अनुभवी. तरी एकाच वाइनला त्यांचे गुण सर्वसाधारणपणे चार वर, चार खाली असे हलले, आणि पुन्हा पुन्हा त्याच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे जेमतेम दहातले एक निघाले. हे २००८ साली प्रसिद्ध झालंय. हॉजसन स्वतः वाइनरी चालवायचे, म्हणजे हा वाइनद्वेष्ट्याचा उद्योग नव्हे.

म्हणून माझा उपाय: गुण देऊच नका, क्रम लावा. सहा पेले समोर, सगळ्यांत आवडलेली १, सगळ्यांत नावडलेली ६. एखादा ८० ते ८५ मध्येच खेळतो, दुसरा ६० ते ९५ मध्ये. सरासरी काढली की ज्याचे गुण जास्त पसरलेले, त्याचंच मत जिंकतं. क्रमात सगळ्यांचं वजन सारखं. आणि दर वेळी एक वाइन दोन पेल्यांत लपवा. ज्याने ते दोन पेले शेजारी-शेजारी लावले, त्याच्या बाकीच्या क्रमावर जास्त भरवसा ठेवा.

जुना मुंबईकर
आकडेमोड, असहमत. क्रमाने फक्त 'ही तिच्यापेक्षा बरी' एवढंच कळतं. सहाच्या सहा वाइन टाकाऊ असल्या तरी एक पहिली येणारच! मग शिकणार काय? पॅरिसला १९७६ साली वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियरनी जी प्रसिद्ध चाखणी घेतली, जिच्यात कॅलिफोर्नियाच्या वाइननी फ्रेंचांना मागे टाकलं, तिथेही २० पैकी गुणच होते.

आकडेमोड
त्याच चाखणीचे गुण नंतर अर्थशास्त्रज्ञांनी क्रमात बदलून पुन्हा तपासले, कारण नुसती सरासरी काढणं त्यांना पटलं नाही. त्यातही कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइनरीची १९७३ ची कॅबरने ही रेड पहिलीच राहिली, म्हणजे निकाल भक्कम होता. पण खालच्या क्रमांकांतल्या फरकांवर फार विसंबता येत नाही, हेही त्यातूनच कळलं. तुमचा वीस गुणांचा तक्ता वाइनमेकरने दोष शोधण्यासाठी बनवलाय. त्यात निर्दोष पण कंटाळवाणी वाइन सहज १५-१६ ला जाते.

अन्नपूर्णा
मला वाइनमधलं काही कळत नाही, पण स्वयंपाकात घालते. उरलेल्या बाटल्यांचं तुम्ही काय करता? एवढ्या बाटल्या उघडल्या तर प्रत्येकीत उरत असणार. रेड वाइन मटणात घातली तर मसाला नेहमीचाच ठेवायचा का? आणि आंबटपणा वाढतो, त्याला काय करावं?

कोथरूडकर
अन्नपूर्णाताई, फेकत नाही. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवतो आणि पुढच्या बैठकीला काढतो. ती शिराझही तशीच ठेवलेली होती.

ॲडलेडवासी
थांबा. म्हणजे ८९ वाली आणि ७४ वाली ही एकच बाटली? महिनाभर उघडी?

कोथरूडकर
हो, तीच. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. एकाच बाटलीला वेगळे गुण मिळाले, हाच तर प्रश्न आहे.

ॲडलेडवासी
मग मंडळींची जीभ उत्तम आहे, त्यांना शाबासकी द्या! उघडलेली रेड बूच लावून फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस, फार तर. त्यानंतर बाटलीतली हवा तिला खाते. आधी फळाचा वास जातो, मग डाग पडलेल्या सफरचंदासारखा किंवा शिळ्या सुक्यामेव्यासारखा वास येतो, शेवटी व्हिनेगरकडे झुकते. वही काढून बघा, ७४ दिले त्या दिवशी लोकांनी वासापुढे काय लिहिलंय?

कोथरूडकर
वहीतून जसंच्या तसं: 'आंबूस', 'अक्रोड?', 'मागच्या वेळसारखी वाटत नाही', 'नेलपॉलिश'. एकाने 'मिरी' लिहिलंय, त्यावरून त्याचं आणि दुसऱ्याचं भांडण झालं, कारण दुसऱ्याला मिरीचा मागमूसही नव्हता.

ॲडलेडवासी
नेलपॉलिश हा नेमका शब्द आहे, वाइन बिघडायला लागली की तोच वास येतो. मिरीच्या बाबतीत दोघंही बरोबर. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या पदार्थाचा. तो आमच्या ॲडलेडमधल्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये ओळखून काढला. त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास भरपूर प्रमाणात असूनही येतच नव्हता. नाकाची घडणच तशी. तुमच्या मित्राला पांढऱ्या मिरीची पूड हुंगायला द्या, त्यातही तेच रोटंडोन असतं.

आकडेमोड
उरलेल्या बाटलीने या एका घसरणीचा उलगडा झाला, पण हॉजसन यांचा मुद्दा तसाच राहतो. ताज्या बाटलीवर जुळ्या पेल्यांची चाचणी कराच.

समाजभान
वाइन ही शेवटी दारूच. तिच्या गुणांची चर्चा बघून वाईट वाटलं. २०२२ मध्ये सरकार सुपरमार्केटात वाइन ठेवायला निघालं होतं, तेव्हाही हेच सांगितलं होतं.

दिंडोरीचा बागाईतदार
त्या निर्णयाकडे आमच्या भागातल्या कितीतरी घरांचे डोळे लागले होते, साहेब. मतभेद असू द्या, पण इथे माणूस चाखायला शिकतोय आणि थुंकायला तयार होतोय. वेगळा धागा काढा, तिथे जरूर बोलू.

ॲडलेडवासी
कोथरूडकर, शनिवारसाठी सांगते. मी डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या संस्थेची तिसरी पातळी केलीय, तिथे दर्जा ठरवताना चार गोष्टी बघतात: समतोल, चव घोटानंतर किती टिकते, वास-चवीचा जोर आणि त्यातली गुंतागुंत. प्रत्येकीपुढे आधी शब्द लिहायचे, आकडा सगळ्यांत शेवटी. चव किती टिकते ते मनात सेकंद मोजून लिहा. आंबटपणाला लाळ किती सुटते ते बघा, तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आतून बघा. 'छान' आणि 'स्मूद' या दोन शब्दांवर शनिवारपुरती बंदी.

पेले सगळ्यांना एकाच आकाराचे, वर निमुळते होणारे, प्रत्येकात ५० मिली. मापाच्या कपाने मोजा. अंदाजाने नको, जास्त ओतली तर फिरवता येत नाही आणि वास गोळा होत नाही. पहिली पाच मिनिटं कोणी एक शब्द बोलायचा नाही. एक जण 'जांभूळ' म्हणाला की सगळ्यांना जांभूळच येतं. त्या संध्याकाळी उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा नको.

कोथरूडकर
शनिवार झाला. आकडेमोड आणि ॲडलेडवासी ताई, दोघांचं मिळून केलं: आधी शब्द, मग क्रम, गुण नाहीतच. पाच ताज्या बाटल्या, सहा पेले. अकलूजची सांजोव्हेसे ही रेड जवळजवळ सगळ्यांच्या पहिल्या दोनात आली. तीच शिराझ नवी बाटली आणून दोन पेल्यांत लपवली होती. दोन्ही पेले शेजारी लावणाऱ्या फक्त दोघी निघाल्या. बाकी बऱ्याच जणांनी एक वर आणि एक खाली टाकला, मीसुद्धा त्यातच. पण शब्द बघा: क्रमाने लांब टाकलेल्या त्या दोन पेल्यांपुढे बहुतेकांनी 'मिरी, काळं फळ, हिरड्यांवर तुरट' हेच लिहिलंय. म्हणजे ओळखता येतंय, पण किती आवडलं ते मात्र हलतंय. कोणी उठून गेलं नाही, पुढची तारीख ठरलीय. पेल्यांची जागा बदलून पुन्हा करावं का?

आकडेमोड
करा, आणि प्रत्येकाला वेगळा क्रम द्या. जोरदार वाइननंतर येणारी हलकी वाइन नेहमी मार खाते. सगळ्यांचा क्रम एकच असला की तो अन्याय सरासरीतही तसाच राहतो.

दिंडोरीचा बागाईतदार
पुढच्या वेळी चेनिन ब्लां घ्या, आपल्याकडच्या वाइनरींत मुबलक मिळते. सुकी (म्हणजे गोडी नसलेली) आणि थोडी गोडसर, दोन्ही प्रकारच्या आणा, पण सुकी आधी चाखा. गोडीनंतर सुकी नुसती आंबट लागते.

अन्नपूर्णा
मटणाचं कोणीतरी सांगा ना.

जुना मुंबईकर
ताई, ताजी किंवा दोन दिवसांची वाइन घ्या, महिन्याची नको. कांदा परतून झाला की वाइन घालून निम्मी होईपर्यंत आटवा, मग मटण घाला. दही आणि टोमॅटो वगळा, आंबटपणा आपोआप बसतो. मसाला नेहमीचा, फक्त लवंग अर्धी.